‘विद्यार्थी’ नावाचे एक गृहस्थ

संख्याशास्त्राशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याच्या कानांवर ‘स्टुडंटची टी-कसोटी’ हे शब्द पडलेले असतातच. शेतकी महाविद्यालयातला मुलगा असो, वैद्यकाचा अभ्यास करणारी मुलगी असो, की गिरणीत सूत तपासणारा कारकून असो, चार-दोन नमुन्यांवरून काही निर्णय करण्याची पाळी आली की ही कसोटी पुढे येते. पण हा ‘स्टुडंट’ कोण, असे विचारले, की विद्यार्थ्यांना सोपी जावी म्हणून काढलेली ती एक रीत असावी, असेच उत्तर मला बहुधा ऐकायला मिळते. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘स्टुडंट’ म्हणजे ‘विद्यार्थी’ हे एका माणसाने धारण केलेले टोपणनाव होय. टोपणनाव घेण्याची चाल आपल्याकडे कवींमध्ये जुनीच आहे. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी ही नावे आपण इतकी आपलीशी केली आहेत की, त्यांमागची खरी नावे आठवावी लागतात. गणिताच्या प्रांतात मात्र असे उदाहरण विरळाच.

या गृहस्थांचे खरे नाव विल्यम सीली गॉसेट. ते कोठल्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. आयर्लंडमधील डब्लिन शहरी गिनेस कंपनीचा मद्याचा प्रसिद्ध कारखाना आहे, त्या कंपनीच्या नोकरीत त्यांचे सारे आयुष्य गेले. माहिती थोडी असताना माणसाने किती ठामपणे बोलावे, हा प्रश्न आपल्यापुढे रोज उभा राहतो. दोन रोग्यांना गुण आला म्हणून औषध रामबाण ठरवणारे आणि हजार रोगी पाहिल्याखेरीज तोंड न उघडणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आपण पाहतो. या दोन टोकांमधली वाट आकड्यांनी आखून देण्याचे काम गॉसेट यांनी केले. म्हणून त्यांचे चरित्र मला सांगावेसे वाटते.

गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडातील कँटरबरी येथे झाला. वडील लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या शाखेत कर्नल होते. थोरल्या मुलानेही तोच पेशा पत्करावा, हे स्वाभाविक होते आणि मुलाच्या मनातही तेच होते. परंतु डोळे अधू निघाले आणि लष्कराचे दार बंद झाले. विंचेस्टर येथील नामांकित शाळेतून हा हुशार मुलगा ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला. तेथे १८९७ साली गणितात आणि १८९९ साली रसायनशास्त्रात त्याने पहिला वर्ग मिळवला. त्याच वर्षी गॉसेट गिनेस कंपनीत रुजू झाले.

ही कंपनी १७५९ सालची. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या अनुभवावर तिचा धंदा चालला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र चालकांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण रसायनज्ञ नोकरीत घेण्यास सुरुवात केली. जव कोणता चांगला, हॉप्सच्या फुलांची प्रत कशी ओळखावी, माल्ट किती दिवस टिकते, यांची उत्तरे आता प्रयोगाने हवी होती. प्रयोग झाले, आकडे जमले. आणि येथेच अडचण उभी राहिली. जवाच्या एका वाणाचा प्रयोग म्हणजे शेताचे तुकडे, एक पूर्ण हंगाम आणि पुष्कळ पैसा. हाती येत चार, सहा, फार तर दहा आकडे. एका तुकड्यात नवा वाण सरस ठरे, तर दुसऱ्यात जुना. हा फरक बियाण्याचा, जमिनीचा, की निव्वळ योगायोगाचा? कारखान्यातील तरुण मंडळींत गणिताला न भिणारे गॉसेटच होते, तेव्हा असे प्रश्न हळूहळू त्यांच्याकडे येऊ लागले.

निरीक्षणांतील चुकांचे गणित त्या काळी अपरिचित नव्हते. गाउस आणि लाप्लास यांनी शंभर वर्षांपूर्वीच ते मांडले होते. मापे पुष्कळ घेतली, तर ती सरासरीभोवती घंटेच्या आकाराच्या वक्राने पसरतात आणि त्या पसाऱ्यावरून सरासरी कितपत भरवशाची हे सांगता येते. पण त्यात ‘पुष्कळ’ हा शब्द महत्त्वाचा. सरासरीवर किती विसंबावे हे ठरवण्यासाठी मापांतील चढउतार किती, हे आधी ठाऊक हवे. मापे हजार असतील, तर हा चढउतार जवळजवळ अचूक कळतो. मापे चारच असतील, तर तो चढउतारही त्या चार मापांवरूनच ताडावा लागतो. ज्या गजाने कापड मोजायचे, तो गजच ताणला जाणारा असावा, तसा हा प्रकार होता.

१९०४ साली गॉसेट यांनी कारखान्यासाठी चुकांच्या नियमाविषयी एक अहवाल लिहिला आणि या कामी एखाद्या गणितज्ञाचा सल्ला घ्यावा, अशी सूचना त्यात केली. त्यातून १९०५ च्या जुलैत लंडनचे प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याशी त्यांची गाठ पडली. पिअर्सन सुट्टीत खेड्यात राहत होते आणि गॉसेट त्यांना भेटायला सायकलवरून गेले. प्रयोगावरून निर्णय करताना किती खात्री पुरेशी मानावी, हा गॉसेट यांचा प्रश्न होता. त्या निर्णयात नफा-तोटा किती आहे यावर ते अवलंबून राहील, असेही त्यांना वाटत होते. व्यवहारातल्या माणसालाच सुचावा असा हा विचार! पुढे १९०६-०७ साली कंपनीने त्यांना वर्षभर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत पाठवले. त्याआधी जानेवारी १९०६ मध्ये मार्जरी फिलपॉट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

१९०७ साली त्यांचा पहिला निबंध ‘बायोमेट्रिका’ या पिअर्सन यांच्या नियतकालिकात छापला गेला. विषय कारखान्यातलाच होता. मद्य आंबवण्यासाठी यीस्ट किती घालावे हे ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली चारशे बारीक चौकोनांची काच ठेवून त्यातील पेशी मोजत. या मोजणीत चूक किती संभवते, ते गॉसेट यांनी दाखवले. पण निबंधावर नाव कोणते घालायचे? धंद्यातील माहिती बाहेर फुटू नये म्हणून नोकरांनी स्वतःच्या नावाने काही छापू नये, असा कंपनीचा दंडक होता. टोपणनाव घेतल्यास हरकत नव्हती. गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ हे नाव घेतले आणि जन्मभर तेच वापरले.

ज्या निबंधाने हे टोपणनाव अजरामर झाले, तो मार्च १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरीतील संभाव्य चूक हा त्याचा विषय. लहान नमुन्यांत ती चूक कोणत्या नियमाने वागते, याचे सूत्र त्यात होते. गणिताची एक पायरी त्यांनी सिद्ध न करता अंदाजाने ओलांडली होती; अंदाज बरोबर निघाला. मात्र त्यावर विसंबून न राहता त्यांनी सूत्राची परीक्षा घेतली. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची मापे एका संशोधकाने छापलेली होती. गॉसेट यांनी ती पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारचे गट पाडले. असे ७५० नमुने झाले. प्रत्येकाची सरासरी आणि चढउतार काढून सूत्राशी ताडून पाहिले, तेव्हा मेळ चांगला बसला. हे सारे ज्या काळी हाताने करावे लागे, तेव्हाची ही गोष्ट आहे. आज संगणक हेच काम क्षणात करतो. पण पत्ते पिसून निसर्गालाच साक्षीला बोलावण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

या सूत्राने काय साधले, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, चार शेतांत नव्या बियाण्याचे एकरी उत्पन्न जुन्यापेक्षा अनुक्रमे २, ५, १ आणि ४ मण अधिक आले. सरासरी वाढ झाली ३ मण. या चार आकड्यांच्या चढउतारावरून सरासरीतील प्रमाण त्रुटी सुमारे ०.९१ मण येते. आकडे हजारांनी असते, तर या त्रुटीची १.९६ पट घेऊन ती दोन्ही बाजूंना मोजली असती. तसे केले, तर खरी वाढ १.२ ते ४.८ मण या मर्यादेत आहे, असे शंभरांत पंचाण्णव खात्रीने म्हणता येईल. शेतकरी खूश होईल. पण आकडे चारच असल्यामुळे स्टुडंटच्या कोष्टकाप्रमाणे १.९६ ऐवजी ३.१८ पट घ्यावी लागते. मर्यादा होते ०.१ ते ५.९ मण. म्हणजे वाढ सहा मणांपर्यंत असू शकेल, किंवा जवळजवळ नसेलही! दोनच आकडे असते, तर हा गुणक १२.७ झाला असता. दहा असते, तर २.२६ वर उतरला असता. साक्षीदार जितके कमी, तितकी मर्यादा रुंद. आपल्या अज्ञानाचे मोल वजनकाट्याने करून देणारे हे कोष्टक आहे.

इतक्या महत्त्वाच्या निबंधाची दखल मात्र पुष्कळ वर्षे फारशी कोणी घेतली नाही. पिअर्सन यांच्या मते मोठ्या नमुन्यांवरच शास्त्र उभे राहते. चार-पाच आकड्यांच्या खटाटोपात त्यांना रस नव्हता. १९१२ साली केंब्रिजमधील एका बावीस वर्षांच्या तरुणाचे पत्र गॉसेट यांना आले. त्यात त्यांच्या सूत्राची बिनचूक सिद्धता होती. पण ती अनेक मितींच्या भूमितीने दिलेली असल्यामुळे गॉसेट यांना ती उमगेना. त्यांनी ती पिअर्सन यांच्याकडे धाडून दिली. तो तरुण म्हणजे रोनाल्ड फिशर. पुढे फिशर यांनी ‘स्टुडंट’च्या सूत्राला आज परिचित असलेले रूप दिले, गॉसेट यांनी त्याची नवी कोष्टके तयार केली, आणि ‘टी’ हे अक्षर रूढ झाले. १९२५ साली निघालेल्या फिशर यांच्या संशोधकांसाठीच्या पुस्तकातून ही कसोटी जगभर पोहोचली.

आता कसोटी म्हणजे काय, ते पाहू. फिशर यांची रीत न्यायालयासारखी आहे. आरोपी निर्दोष आहे असे धरून खटला सुरू होतो, तसे येथे नव्या आणि जुन्या बियाण्यांत काहीच फरक नाही असे आधी गृहीत धरायचे. याला शून्य गृहीतक म्हणतात. हे गृहीतक खरे असते, तर हाती आला आहे एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने किती वेळा दिसला असता? विसांत एकदाहून कमी, असे उत्तर आले, तर गृहीतकाविषयी शंका घ्यायची. विसांत एक हे प्रमाण आभाळातून पडलेले नाही. फिशर यांना ते सोयीचे वाटले आणि ते रूढ झाले, एवढेच. पुरावा अपुरा पडला म्हणून आरोपी सुटला, तर त्याचे निर्दोषत्व सिद्ध झाले असे होत नाही. तसेच कसोटीत फरक दिसला नाही, म्हणजे फरक नाहीच असे ठरत नाही. गॉसेट यांच्या चार शेतांसारखे थोडे आकडे असतील, तर खरा फरकही नजरेतून सुटू शकतो.

या विचाराची पुढची पायरीही गॉसेट यांच्याच एका पत्रातून निघाली. १९२६ च्या मे महिन्यात कार्ल पिअर्सन यांचे चिरंजीव एगॉन यांना त्यांनी लिहिले. एखादी घटना गृहीतकाप्रमाणे फार दुर्मीळ ठरली, एवढ्यावरूनच ते गृहीतक टाकून देता येत नाही. त्याच घटनेचा अधिक चांगला उलगडा करणारे दुसरे गृहीतक समोर असेल, तरच पहिले सोडण्यास कारण मिळते, असा त्यातील आशय होता. ही ठिणगी एगॉन यांच्या मनात पडली. पोलंडचे येर्झी नेमन यांच्या सहकार्याने त्यांनी १९२८ आणि १९३३ साली जे निबंध लिहिले, त्यांत दोन गृहीतके समोरासमोर ठेवून निर्णय करण्याची पद्धत उभी राहिली. निरपराध्याला शिक्षा होणे आणि अपराधी सुटणे, या दोन्ही चुकांचा हिशेब तिच्यात मांडलेला असतो.

वर सांगितलेल्या मर्यादांना आज ‘विश्वास-मर्यादा’ म्हणतात. त्यांचा नेमका अर्थ १९३४ आणि १९३७ साली नेमन यांनी स्पष्ट केला. या बाबतीत शिकलेल्यांचाही गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबतो. तळ्यात एक मासा एकाच जागी निश्चल आहे, पण आपल्याला दिसत नाही, अशी कल्पना करा. आपण जाळे टाकतो. जाळे दर वेळी थोडे इकडे-तिकडे पडते. जाळे विणण्याची आणि टाकण्याची रीत अशी आहे की, शंभर वेळा टाकले तर साधारण पंचाण्णव वेळा मासा त्याखाली येतो. पंचाण्णव टक्के ही ग्वाही आहे ती या रीतीची. आज टाकलेल्या जाळ्याखाली मासा आहे किंवा नाही. त्यात मधली स्थिती नाही. गॉसेट स्वतः मासेमारीचे मोठे शौकीन होते, तेव्हा त्यांना हा दृष्टांत आवडला असता असे मला वाटते.

कसोटी कितीही सूक्ष्म असो, मुळात आकडे कसे जमवले याला ती उपाय करू शकत नाही. ही गोष्ट त्यांनी एका मोठ्या प्रकरणात दाखवून दिली. १९३० साली स्कॉटलंडमधील लॅनर्कशर परगण्यात ६७ शाळांतील वीस हजार मुलांवर प्रयोग झाला. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दहा हजार मुलांना शाळेत रोज दूध दिले, तर दहा हजारांना नाही. आणि सर्वांची उंची-वजने घेतली. मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या अक्षरक्रमाने व्हायची होती. पण एखाद्या गटात अशक्त किंवा सशक्त मुलांची गर्दी झालीशी वाटली, तर अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. मास्तरांची मने ती! उपाशी दिसणारे पोर दुधाच्या रांगेत यावे, असे कोणाला वाटणार नाही? परिणाम असा झाला की, दूध न मिळालेली मुले आरंभालाच अधिक उंच आणि वजनदार होती. १९३१ साली गॉसेट यांनी हा दोष उघड केला. मुलांची वजने कपड्यांसकट घेतली होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. हिवाळ्यात गरम कपडे घालून आलेले सुखवस्तू मूल जूनमध्ये हलक्या कपड्यांत आले, तर त्याची वाढ झाकली जाणारच. गरिबाच्या मुलाकडे उतरवून ठेवण्याजोगे कपडे होते कुठे? पन्नास एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या घेऊन त्यांतील एकाला दूध दिले असते, तर थोड्या खर्चात यापेक्षा भरवशाचे उत्तर मिळाले असते, असे त्यांनी सुचवले. ज्यांनी चार आकड्यांचे मोल दाखवले, त्यांनीच वीस हजार आकड्यांची उणीव दाखवावी, यात मोठे औचित्य आहे.

स्वभावाने गॉसेट शांत आणि निगर्वी होते. कार्ल पिअर्सन आणि फिशर यांचे वैर त्या काळी सर्वश्रुत होते. या दोघांशीही सारखा स्नेह राखणे गॉसेट यांनाच साधले. फिशर यांच्याशी त्यांचे मतभेद नव्हते असे मात्र नाही. शेतातील प्रयोगात कोणता वाण कोठे पेरायचा हे चिठ्ठ्यांनीच ठरवावे, असा फिशर यांचा आग्रह. तर जमिनीचा कस लक्षात घेऊन वाणांची समतोल मांडणी करावी, हे गॉसेट यांचे मत. १९३६-३७ साली हा वाद छापील लेखांतून रंगला, पण मैत्रीत बाधा आली नाही. घरी ते बागेत रमत, फळझाडे वाढवत, सुतारकाम करून नावा बांधत. १९३४ साली मोटारीच्या अपघातात पाय मोडून त्यांना अंथरुणाला खिळावे लागले, तेव्हा तो वेळही त्यांनी संख्याशास्त्राच्या कामी लावला.

डब्लिनच्या जवाच्या शेतातून निघालेला हा धागा आपल्या इंदुरापर्यंत पोहोचलेला आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली येथे उभारलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसाच्या वाणांवर जे संशोधन झाले, त्यात डॉ. व्ही. जी. पानसे यांनी संख्याशास्त्राची कास धरली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे तर १९३३ ते १९३६ या काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातच शिकत होते. याच काळात नेमन आणि एगॉन पिअर्सन तेथे एकत्र आले होते. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. भारतीय कृषी संशोधन परिषदेने तो १९५४ साली प्रसिद्ध केला आणि शेतकी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. माळव्याच्या काळ्या मातीतील कापसाची चार वाफ्यांची मापे ज्या कोष्टकाने तोलली जातात, ते कोष्टक मुळात आयर्लंडच्या जवासाठी झाले होते.

१९३५ साली कंपनीने लंडनजवळ पार्क रॉयल येथे नवा कारखाना काढला, तेव्हा गॉसेट यांना तेथे पाठवण्यात आले. मृत्यूच्या थोडेच आधी कारखान्याचे मुख्य अधिकारीपद त्यांच्याकडे आले होते. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे एकसष्ट. संख्याशास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्यांची ओळख पूर्वीपासून होती. बाहेरच्या जगाने मात्र त्यांना टोपणनावानेच ओळखले.

आज वर्तमानपत्रात कोठल्याशा औषधाने अमुक टक्के गुण येतो, तमुक पक्षाला इतकी मते मिळतील, असे आकडे रोज छापून येतात. ते वाचताना मला गॉसेट यांची आठवण होते. हा आकडा किती माणसांवरून काढला, ती माणसे कशी निवडली आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मर्यादा किती रुंद आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणताही आकडा खरा मानू नये. प्रश्न साधे आहेत आणि ते विचारायला गणिताची पदवी लागत नाही; गॉसेट यांनी आपल्यासाठी घेतलेले नाव ज्याला मनापासून लावून घेता येईल, त्याला ते सहज सुचतील.